लोकरीची प्रवाळभिंत: हात हजारोंचे, नाव कुणाचं?

समुद्रावर बेतलेली पर्यावरण-कला म्हटली की आपल्याकडे एक ठरलेलं चित्र आहे. किनारा साफ करायचा, जमलेल्या बाटल्यांचा मोठा मासा उभा करायचा, पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन, फोटो. पुढे पावसाळा लागला की मासा कुठे गेला ते कुणी विचारत नाही. करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. खटकतं ते इतकंच की अशा कामात कलाकार एकच असतो आणि बाकीचे सगळे बाटल्या वाहणारे.

म्हणून हे प्रकरण घेतलं. 'क्रोशे कोरल रीफ', म्हणजे क्रोशाच्या सुईवर विणलेली प्रवाळभिंत. २००५ साली लॉस एंजेलिसमधल्या एका घरात दोन बहिणींनी सुरू केलेल्या या कामाला पुढे वीस हजारांहून जास्त माणसांचे हात लागले, आणि त्यातल्या बहुतेक बायका. व्हेनिसच्या बिएनालेपासून, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनापासून, एका छोट्या जर्मन बेटापर्यंत ही भिंत उभी राहिली. एवढ्या माणसांनी मिळून एखादी कलाकृती करायची तर काम वाटायचं कसं, आणि नाव कुणाचं लागायचं? मला या प्रकरणात रस आहे तो यासाठी.

गणित वर्गातलं, सुई घरातली

मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या जुळ्या बहिणी. वाढल्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये, ब्रिस्बेनला. मार्गारेट भौतिकशास्त्र आणि गणित शिकलेल्या विज्ञानलेखिका, क्रिस्टीन कवयित्री आणि कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समध्ये शिकवणाऱ्या. दोघींनी २००३ साली 'इन्स्टिट्यूट फॉर फिगरिंग' नावाची छोटी संस्था काढली होती. गणितातल्या आणि विज्ञानातल्या कल्पना हाताने करून पाहायच्या, हा तिचा उद्देश.

त्या खटपटीत त्यांना डाइना टाइमिना यांचं काम सापडलं. टाइमिना मूळच्या लाटव्हियाच्या, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या. हायपरबोलिक भूमिती नावाची शाखा एकोणिसाव्या शतकात बोल्याय आणि लोबाचेव्हस्की यांनी मांडली. तिच्यातला पृष्ठभाग प्रत्येक बिंदूपाशी खोगिरासारखा वाकतो, त्यामुळे तो टेबलावर सपाट बसत नाही, त्याची कड सुरकुतत जाते. कागदावर समीकरण मांडता येतं, पण हातात धरायला वस्तू मिळायची पंचाईत. गणितज्ञ विल्यम थर्स्टन यांनी १९७० च्या दशकात कागदाच्या पट्ट्या चिकटवून नमुना केला होता. तो चार विद्यार्थ्यांच्या हातांतून फिरला की फाटायचा. टाइमिना यांनी आधी दोन सुयांवर विणून पाहिलं, पण टाके इतके वाढत गेले की सुईवर मावेनात. क्रोशात एका वेळी एकच टाका जिवंत असतो, बाकीचे मिटलेले. १९९७ साली त्यांनी क्रोशाने हायपरबोलिक पृष्ठभाग विणला आणि विद्यार्थ्यांनी तो मुरगाळला, ओढला, दुमडला तरी त्याला काही झालं नाही.

आता जिच्या आईने किंवा आजीने टीपॉयवर, रेडिओवर आणि नंतर टीव्हीवर क्रोशाचे रुमाल घातले आहेत, तिला यात नवल वाटणार नाही. रुमाल विणताना टाके जरा जास्त वाढले की कडेला झालर येते आणि आई म्हणते, "उसव, फुगलाय." तो फुगलेला रुमाल म्हणजेच ही भूमिती. शतकभर गणितज्ञांना हातात धरायला मिळत नव्हती ती गोष्ट घरोघरी चूक म्हणून उसवली जात होती.

कृती अशी. साखळी घाला, परत फिरा, मुके खांब (क्रोशातला साधा, आखूड टाका) घेत चला आणि दर तिसऱ्या टाक्यात दोन टाके घाला, म्हणजे तीनाचे चार. पुढच्या ओळीतही तसंच. ३० टाक्यांनी सुरुवात केली तर पहिल्या ओळीत ४०, दुसरीत ५३, तिसरीत ७१, आणि दहाव्या ओळीला पाचशेच्या वर. दर दहाव्या टाक्यात वाढवलं तर दहाव्या ओळीत ८० देखील होत नाहीत, झालर मंद राहते, पालेभाजीच्या पानासारखी. दर टाक्यात दोन घातले तर दहा ओळींत हजारपट, म्हणजे घरातली लोकर आधी संपेल. मी तिनाच्या हिशोबाने विणून पाहिलं आहे. पहिल्या चार-पाच ओळी काही वाटत नाही. सहावीला कड मांडीवर टेकेनाशी होते, आठवीला विणकाम स्वतःभोवती वळून उलट बाजू वर येते आणि सुई कुठून घालायची ते बोटांनी चाचपून शोधावं लागतं. नववीपासून एक ओळ म्हणजे एक दुपार.

चुकवल्यावर जमलं

सुरुवातीला बहिणींनी टाइमिना यांचं सूत्र अगदी काटेकोर पाळलं. वाढ नेमकी, कडा एकसारख्या, नमुने गणिताच्या वर्गात ठेवावेत असे. सुंदर, पण सगळे सारखे. मग क्रिस्टीन यांनी सूत्र मोडायला सुरुवात केली: इथे तीनावर वाढ, पुढे पाचावर, मध्येच दुसरी लोकर, मध्येच थांबा. त्याबरोबर टेबलावरचे गोळे समुद्रातल्या जिवांसारखे दिसू लागले. कारण समुद्रात हीच भूमिती आहे, फक्त काटेकोर नाही. पानांसारख्या पसरट पोवळ्यांच्या कडा, समुद्री गोगलगायींची झालर, केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाची पानं: थोड्या जागेत जास्तीत जास्त पृष्ठभाग मिळाला तर पाण्यातलं अन्न आणि प्रकाश जास्त घेता येतो, म्हणून निसर्गात ही घडण पुन्हा पुन्हा येते.

दोघींचं लहानपण ग्रेट बॅरियर रीफच्या प्रांतातलं. ही भिंत दोन हजार किलोमीटरहून लांब पसरली आहे, आणि १९९८ व २००२ साली तिच्यावर मोठं विरंजन, म्हणजे पोवळी पांढरी पडण्याचं संकट, येऊन गेलं होतं. पोवळ्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला बहुतेक अन्न आणि रंग पुरवतं. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभर जरी काही आठवडे तापलं, तरी पोवळं त्या शैवालाला बाहेर टाकतं आणि खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. पाणी लवकर निवलं तर ते सावरतं, नाही तर उपासमारीने मरतं. २००५ साली टेबलावर साठलेल्या लोकरीच्या गोळ्यांकडे पाहून आपण प्रवाळभिंत विणू शकू, असं क्रिस्टीन म्हणाल्या. मार्गारेट यांनी संस्थेच्या संकेतस्थळावर आवाहन टाकलं.

मला या टप्प्यावरचा त्यांचा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यांनी नमुना दिला नाही, सूत्र दिलं, आणि सूत्र मोडायची मुभाही दिली. नमुना दिला असता तर हजार बायकांनी हजार सारखे गोळे पाठवले असते आणि त्यातून कारखान्याचं गोदाम झालं असतं. काहीच न देता "समुद्रावर काहीतरी विणा" म्हटलं असतं तर बाहुल्या आणि हसरे मासे आले असते. दर इतक्या टाक्यांनी वाढ, बाकी तुमची मर्जी, एवढ्या एका ओळीच्या नियमामुळे वेगवेगळ्या हातांचे तुकडे एकमेकांशेजारी ठेवले तरी एका कुळातले दिसतात. सामूहिक कलेत बहुधा हेच चुकतं.

भिंत घराबाहेर पडते

पहिलं मोठं प्रदर्शन २००७ साली पिट्सबर्गच्या अँडी वॉरहॉल म्युझियममध्ये झालं. जागतिक तापमानवाढीवरच्या कलाकृतींच्या प्रदर्शनात या भिंतीला जागा मिळाली. त्याच वर्षी शिकागो, आणि तिथे पहिल्यांदा स्थानिक विणकरणींनी आपली वेगळी भिंत विणली. २००८ साली लंडनला हेवर्ड गॅलरी. २०१० मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात, म्हणजे कलादालनाऐवजी डायनासोरच्या सांगाड्यांच्या इमारतीत. २०१९ साली व्हेनिस बिएनाले. त्या वर्षीचे क्युरेटर राल्फ रुगोफ हे हेवर्डचेच संचालक.

या मोठ्या नावांपेक्षा मला फ्योर बेटाची गोष्ट जास्त आवडते. जर्मनीच्या उत्तरेला, उत्तर समुद्रातलं हे छोटं बेट. पूर्वी इथले पुरुष देवमाशांच्या शिकारीला महिनोन्महिने जात आणि बायका घर, शेत आणि सुई सांभाळत. २०१२ साली तिथल्या संग्रहालयाच्या हाकेला बेटावरच्या आणि आसपासच्या जर्मन-डॅनिश किनाऱ्यावरच्या सातशेच्या वर बायकांनी प्रतिसाद दिला आणि आपली भिंत उभी केली. उष्ण कटिबंधातलं पोवळं त्यांतल्या किती जणींनी पाहिलं असेल? पण समुद्र चढला तर काय होतं हे त्या बेटाला कुणी शिकवायची गरज नाही.

अशा स्थानिक भिंतींना 'सॅटेलाइट रीफ' म्हणतात. जगभरात त्या पन्नासच्या आसपास झाल्या. मुख्य भिंत बहिणींकडे आणि त्यांच्या जवळच्या कसलेल्या विणकरणींकडे. स्थानिक भिंत त्या त्या गावाची, तिथल्या माणसांनी विणलेली आणि मांडलेली. म्हणजे काम वाढतं, पण सगळा बोजा एका केंद्रावर येत नाही. केंद्रातल्या मंडळींतही नाना तऱ्हा. विज्ञानकथा लिहिणाऱ्या व्होंडा मॅकिंटायर यांनी मण्यांचे बारीक समुद्री जीव गुंफून दिले. ऑस्ट्रेलियातल्या हेले यॉर्गेनसन यांनी प्लास्टिकच्या पिशव्या कापून विणल्या.

प्लास्टिकची बाजू

प्लास्टिक इथे शिरलं ते मागच्या दाराने. पॅसिफिक महासागरातल्या कचऱ्याच्या भोवऱ्याबद्दल वाचून बहिणींनी भिंतीची एक 'विषारी' शाखा सुरू केली: पिशव्या, व्हिडिओ टेपा, वेष्टनं. पिशवीचे बंद आणि तळ कापून टाकायचे, उरलेल्या नळीचे दोन बोटं रुंदीचे वळे कापायचे, एकात एक अडकवून लांब पट्टी करायची. विणताना सुई प्लास्टिकवर कचकच आवाज करते, टाका घसरत नाही, ओढून काढावा लागतो. लोकरीच्या सवयीने सुई धरली तर अंगठ्याचा पार भुगा होतो. पण दुधाच्या किंवा वाण्याच्या पिशवीची पारदर्शक झालर खरोखर जेलीफिशसारखी दिसते, आणि कासव तिला जेलीफिश समजून का गिळतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

याच्या जोडीला बहिणींनी २००७ पासून चार वर्षं स्वतःच्या घरातलं सगळं प्लास्टिक साठवलं. जवळपास दोनशे किलो झालं. दोन काटकसरी, जागरूक माणसांच्या घरात एवढं. तो ढीगही त्यांनी प्रदर्शनात मांडला.

तरीही एक हरकत उरतेच, आणि ती मी मांडणार. भिंतीतली बरीचशी लोकर मेंढीची नाही. आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून मिळते तीही बहुतेक अ‍ॅक्रिलिकच, म्हणजे तेलापासून केलेला धागा, जो धुताना सूक्ष्म तंतू सोडतो. समुद्राच्या प्लास्टिकवर बोट ठेवणारी कलाकृती प्लास्टिकच्याच धाग्यांची, हा विरोध झाकण्यासारखा नाही. मात्र बायकांच्या घरात उरलेल्या गुंड्यांतून हे काम वाढलं, खास विणण्यासाठी मेरिनो मेंढीची उत्तम लोकर मागवली असती तर त्यात वीस हजार जणी आल्या नसत्या. शुद्ध माल की भरपूर हात, असा प्रश्न होता. त्यांनी हात निवडले. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं, पण भिंतीवर ते लिहिलंही असतं.

बाडेन-बाडेन आणि नावांची यादी

या कामाचा सगळ्यात मोठा अवतार २०२२ साली जर्मनीत, बाडेन-बाडेनच्या फ्रीडर बुर्डा संग्रहालयात झाला. हाक महामारीच्या काळात गेली होती, लोक घरातच होते. टपालाने खोकी येत राहिली: सुमारे ४,००० माणसांकडून ४०,००० हून जास्त पोवळी. वास्तुविशारद रिचर्ड मायर यांच्या पांढऱ्याशुभ्र इमारतीत त्यांची बेटं मांडली गेली.

आता नावाचा प्रश्न. प्रदर्शनाच्या शीर्षकात मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम. विणणाऱ्यांची नावं यादीत, पण यादी पूर्ण: प्रत्येकीचं नाव नोंदवायचं हा प्रकल्पाचा दंडक आहे. कुणाला हे पुरेसं वाटेल, कुणाला नाही. टीका अशी होऊ शकते की हजारो बायकांचं फुकटचं श्रम दोन नावांखाली गोळा झालं. बाजू अशी की सूत्र शोधणं, हाक देणं, कुठला तुकडा कुठे बसेल ते ठरवणं आणि दोन दशकं संग्रहालयांशी हुज्जत घालणं हेही काम आहे, आणि ते वीस हजार जणी करत नव्हत्या. शिवाय सूत्र तरी कुणाचं? टाइमिना यांचं, त्याआधी थर्स्टन यांच्या कागदी पट्ट्यांचं, त्याआधी बोल्याय-लोबाचेव्हस्कींचं. आणि क्रोशा तर नावाने न ओळखल्या जाणाऱ्या बायकांचाच.

माझं मत सांगते. यादी हा सभ्यपणा आहे, पण यादी कुणी वाचत नाही. खरा वाटा सॅटेलाइट भिंतीत आहे, कारण तिथे काय विणायचं, कसं मांडायचं हे त्या गावानं ठरवलं. फ्योरच्या बाया लॉस एंजेलिसला तुकडे पाठवून मोकळ्या झाल्या नाहीत. आपल्याकडे एखाद्या संस्थेनं असं काही करायचं ठरवलं तर "बचत गटाच्या महिलांच्या सहभागातून" एवढ्या एका ओळीत चारशे जणी संपतील आणि मानधनाचा विषय निघणारच नाही, याची मला खात्री आहे. विणणारीने वेळ दिला तो छंद म्हणून की काम म्हणून, हे हाक देण्याआधीच ठरलेलं असावं.

याने पोवळं वाचतं का?

नाही. बहिणींनीही तसं कधी म्हटलेलं नाही. भिंत विणायला घेतल्यावर ग्रेट बॅरियर रीफवर २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ साली पुन्हा विरंजनाच्या लाटा आल्या. लोकरीची भिंत वाढत होती तेव्हा खरी आटत होती. समुद्र तापतो तो जाळलेल्या इंधनामुळे, आणि त्याचा निर्णय कुठल्याही कलादालनात होत नाही.

घडतं ते दुसरं. एक तुकडा विणायला तासन्‌तास लागतात, आणि त्या वेळात विणणारी पोवळ्याचे फोटो पाहते, कड कशी वळते ते मोजते, शेजारणीला विचारते. माहितीपट पंचेचाळीस मिनिटांत संपतो. खरी भिंतही अशीच वाढते, इवल्या जिवांनी एकावर एक चुन्याचे थर चढवत. हे साम्य बहिणी पुष्कळ सांगतात, मला ते थोडं गुळगुळीत वाटतं. पोवळ्याच्या पॉलिपला प्रदर्शनाची तारीख नसते. पण हातांना आलेली समज डोक्यात जास्त टिकते हे विणणारीला पटवायला लागत नाही.

आपल्या किनाऱ्यावर हेच सूत्र चालेल?

महाराष्ट्राला पोवळी आहेत, हे सांगितल्यावर अजूनही लोक चकित होतात. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती स्नॉर्केलिंगला जाणारे पर्यटक या पोवळ्यांच्याच डोक्यावरून पोहत असतात. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक हे कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं बुडालेलं पठार आहे, त्यावर दाट प्रवाळ आहे. आणि मुंबईत, वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीला उघडी पडणारी पोवळी आहेत. ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणून २०२० साली सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी तिथल्या वसाहती खडकांसकट उचलून दुसऱ्या जागी बसवण्यात आल्या. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'सारखे गट ओहोटीच्या फेऱ्यांत ही पोवळी लोकांना दाखवत आले आहेत.

पण मुंबईची पोवळी झालरीची नाहीत. 'फॉल्स पिलो कोरल' म्हणतात ते खडकाला चिकटलेल्या उशीसारखं, रंगाने मातकट, बोटभर उंच. गाळ बसतो, ऊन लागतं, भरती पुन्हा झाकते. वर्थाइम भगिनींचा नियम इथे लावला तर सुंदर पण भलतंच काहीतरी होईल, क्वीन्सलँडचं पोवळं वरळीला. इथे वाढ आवरावी लागेल. सहा मुक्या खांबांचं वर्तुळ, पुढच्या फेरीला बारा, मग अठरा, म्हणजे दर फेरीत सहाच वाढवायचे. तबकडी सपाट राहते. पाच फेऱ्यांनंतर वाढ थांबवायची, कड आपोआप खाली वळते आणि मुठीएवढी उशी तयार होते. खाकी, राखी, शेवाळी अशा कुणालाच नको असलेल्या गुंड्या त्याला चालतात. मालवणला टर्बिनारिया आहे, पानासारख्या वळणाऱ्या कडांचं. त्याच्यासाठी दर तिसऱ्या टाक्याचं मूळ सूत्र जसंच्या तसं घ्यायला हरकत नाही.